ओपलच्या खाणीतल्या आठवणी, आणि त्यावरची कविता कुठे फसते

प्रश्न असा आलाय की ओपलच्या, म्हणजे रंग खेळणाऱ्या त्या रत्नाच्या, खाणीत राबलेली माणसं एवढ्या कविता का करतात, मी तिकडे ऑस्ट्रेलियात अकरा वर्षं काढली तर आठवणी सांगा, आणि तिसरं म्हणजे "मी ओपलवर कविता लिहायला बसलो की इंद्रधनुष्याच्या पुढे गाडीच सरकत नाही, काय चुकतंय?" प्रश्न तीन असले तरी उत्तर एकात एक गुंतलेलं आहे, तेव्हा मिसळूनच सांगतो, जरा लांबेल.

आधी मी कोण ते. सिन्नर तालुक्यातला, डिझेल मेकॅनिक. वडील, म्हणजे आमचे नाना, विहिरीच्या यारीवर होते. दुष्काळी भाग, विहिरींची कामं बारमाही, सुरुंग लावायचे, मग यारीनं दगड वर काढायचे. मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण, हे थर मला शाळेतल्या भूगोलाच्या आधी पाठ होते. मधेच पोकळी लागायची आणि आत पांढरे, गुलाबी, हिरवट स्फटिक, पिसाऱ्यासारखे उभे. आम्ही त्याला नुसतं गारा म्हणायचो. ते झिओलाइट आहेत आणि जगभरातले संग्राहक त्याला पैसे मोजतात हे नंतर कळलं, व्यापारी यायला लागल्यावर. सिन्नरला आता गारगोटी म्युझियम आहे, जाऊन या कधी. तर ही माझी पार्श्वभूमी, आणि हे सांगायचं कारण पुढे येईल.

ऑस्ट्रेलियात गेलो ते मशिनरी दुरुस्तीच्या कामावर. लाइटनिंग रिज या ओपलच्या गावात एका माणसाचा हॉइस्ट, म्हणजे माती वर खेचायची यारी, दुरुस्त करायला आठवड्यासाठी म्हणून गेलो आणि अडकलो. सिडनीपासून साधारण साडेसातशे किलोमीटर, क्वीन्सलँडच्या बॉर्डरजवळ. गावाच्या वेशीवर पाटी आहे, त्यावर गावाचं नाव आणि लोकसंख्येच्या जागी प्रश्नचिन्ह. विनोद वाटतो पण खरंच तसंच आहे, कोण किती दिवस राहील, कोणत्या क्लेमवर, म्हणजे खणायला मिळालेल्या तुकड्यावर, कोणत्या पत्र्याच्या खोपट्यात झोपतोय, कुणाला पत्ता नसतो. आडनाव कुणी विचारत नाही. माझा पार्टनर युगोस्लाव्हियातून आलेला सत्तरीचा म्हातारा, त्याला सगळे 'संडे' म्हणायचे, कारण तो अंघोळ फक्त रविवारी करायचा. त्याचं खरं नाव मला चौथ्या वर्षी कळलं, तेही लायसन्सच्या फॉर्मवर.

ओपल म्हणजे कूबर पेडी असंच बहुतेकांना माहीत असतं. साउथ ऑस्ट्रेलियात, जमिनीखाली घरं, जमिनीखाली चर्च, १९१५ साली सोनं शोधायला आलेल्या टोळीतल्या १४ वर्षांच्या पोराला तिथे पहिला ओपल सापडला. मी तिथे दोनदाच गेलोय, पाहुण्यासारखा, त्यामुळे त्यावर बोलत नाही. तिथला माल बहुतेक पांढऱ्या अंगाचा. आमच्या रिजचा काळा. म्हणजे ओपलचं अंग काळसर आणि त्यावर रंग खेळतो, काळ्या पाटीवर रंगीत खडू ओढल्यासारखा. हा काळा ओपल सुरुवातीला कुणी विकत घ्यायलाच तयार नव्हतं. चार्ली नेटलटन नावाचा खाणवाला १९०३ साली हा माल घेऊन चालत, हो, चालत, व्हाइट क्लिफ्स या जुन्या ओपलच्या गावाला गेला, कित्येकशे किलोमीटर, आणि तिथे त्या पहिल्या पार्सलचे, म्हणजे मालाच्या पुडीचे, त्याला १५ पौंड मिळाले. आज त्याच प्रतीच्या एका खड्याला काय मिळेल ते इथे लिहीत नाही, उगाच कुणीतरी नोकरी सोडायचं.

आता काम कसं चालतं ते सांगतो, कारण कविता तिथेच आहे.

क्लेम म्हणजे ५० मीटर बाय ५० मीटर, आपल्याकडचे साधारण पंचवीस गुंठे. आधी ड्रिल मारून बघायचं, मग माणूस उतरेल एवढी शाफ्ट, म्हणजे उभा खड्डा. वरचा कडक थर, त्याला तिकडे 'शिन क्रॅकर' म्हणतात, म्हणजे नडगी फोडणारा, कारण टिकाव मारला की कपची उडून नडगीवर बसते. मग सँडस्टोन. त्याच्या खाली राखी रंगाची मऊ माती, 'ओपल डर्ट'. या दोघांच्या मधे काही ठिकाणी एक पातळ लोखंडासारखा थर असतो, तो 'स्टील बँड'. ओपल असला तर सहसा या सँडस्टोनच्या छताला लागून, त्या राखी मातीच्या वरच्या अंगाला असतो, तोही सलग पट्टा असा क्वचित, बहुतेक वेळा सुट्टे गोटे, बोराएवढे, लिंबाएवढे, त्यांना 'नॉबी' म्हणायचं. आणि शंभरातल्या बहुतेक नॉबी 'पॉच' निघतात, म्हणजे ओपलच पण रंग नसलेला, नुसता करडा, काळा, पांढरा. पॉच हा शब्द मला फार आवडतो. आपल्याकडे पोचट म्हणतात ना, तसाच कानाला लागतो, संबंध काही नाही पण बसतो.

कुठे खणायचं हे मात्र कुणालाच माहीत नसतं. आणि इथे मला पहिल्याच महिन्यात घरी आल्यासारखं झालं. संडे दोन वाकवलेल्या तारा हातात धरून क्लेमवर फिरत होता, तारा एकमेकींवर आल्या की तिथे खुंटी ठोकायचा. मी हसत सुटलो, कारण आमच्याकडचा पाणाड्या उंबराची काडी घेऊन अगदी तस्साच चालायचा, तोच गंभीर चेहरा, मधेच थांबून मान हलवायची. संडेचं म्हणणं होतं की जमिनीतली भेग, तिकडे तिला 'स्लाइड' म्हणतात, ती तारेला कळते. कुणी झाडांच्या रांगा बघतो, कुणी नाणं उडवतो. ड्रिल मात्र सगळ्यांचा सारखाच रिकामा निघतो. नानांना मी हे फोनवर सांगितलं तर ते म्हणाले, "नारळ घेऊन बघा म्हणावं, काडीपेक्षा नारळ बरा."

खाली उतरलं की उन्हाळ्यात स्वर्ग. वर ४५ च्या पुढे, माश्या तोंडात जातात, आणि खाली पंधरा मीटरवर गारवा. पूर्वी मेणबत्तीवर काम चालायचं, तारेचा वाकवलेला स्टँड असायचा, त्याला 'स्पायडर' म्हणत, त्याचं टोक भिंतीत रोवायचं. संडे बल्ब असूनही एक मेणबत्ती लावायचा. मला वाटलं श्रद्धा. तसं नव्हतं, हवा खराब झाली की ज्योत आधी मलूल होते. विहिरीत उतरताना नाना कंदील सोडायचे ते याचसाठी.

आता मुद्दा. ओपल दिसत नाही, ऐकू येतो.

हे बाहेरच्या माणसाला पटत नाही. राखी मातीत तुम्ही टिकाव मारताय, धप्प, धप्प, धप्प, तासन् तास, आणि मधेच एकदा काचेवर घासल्यासारखा, बांगडी फुटल्यासारखा बारीक आवाज येतो. तेवढाच. हात आपोआप थांबतो, मान वळते, श्वास थांबतो म्हटलं तरी चालेल. मग लहान टिकाव घेऊन त्याच्या आजूबाजूची माती कोरायची, त्याला 'गाउजिंग' म्हणतात. संडे एका कानानं बहिरा होता, आयुष्यभर जॅकहॅमर चालवून, म्हणून तो लेव्हलच्या, म्हणजे ओपलच्या थराच्या, जवळ आलं की जॅकहॅमर बंद करून चांगला कान भिंतीकडे करून हातानं काम करायचा. वाकडा उभा राहायचा, देवळात घंटा ऐकल्यासारखा. आणि यातली मेख अशी की तो आवाज येतो म्हणजेच तुम्ही ओपल थोडाफार फोडलेला असतो. न फोडता सापडला असं फार कमी वेळा होतं.

कवितेचं उत्तर मला विचाराल तर इथे आहे. तुम्ही रंगावर लिहायला बसताय. रंगावर लिहून होत नाही हो. मी पण पहिल्या वर्षी लिहिलं होतं, वही अजून आहे, "धरणीच्या कुशीत निजले इंद्रधनू" वगैरे, वाचून आता घाम फुटतो. इंद्रधनू म्हटलं की वाचणाऱ्याला इंद्रधनूच दिसतं, ओपल दिसतच नाही. शिवाय ओपलचा रंग हा रंगच नाही एका अर्थी. आत सिलिकाचे गोल कण असतात, एका मिलिमीटरच्या तीन-चार हजाराव्या भागाएवढे, हातगाडीवर संत्री रचतात तसे रचलेले, त्यांच्या फटीतून प्रकाश फाटतो आणि रंग दिसतो. कण लहान तर निळा, मोठे तर लाल, म्हणून लाल दुर्मिळ. रचना बिघडलेली तर पॉच. हे १९६४ साली मेलबर्नच्या शास्त्रज्ञांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली बघितलं तेव्हा कळलं, त्याआधी सगळे अंदाजच. म्हणजे दगड हातात फिरवला की रंग पळतो, जागेवर राहत नाही. जागेवर न राहणाऱ्या गोष्टीला तुम्ही 'सप्तरंगी' म्हणून खिळा ठोकताय, मग कविता मरणारच.

तिकडची माणसं काय करतात बघा. रिजला आर्टेशियन बोअरचं गरम पाण्याचं तळं आहे, जमिनीतून चाळीस अंशांच्या वरचं पाणी येतं, फुकट, रात्री सगळे खाणवाले त्यात गळ्यापर्यंत बसलेले. पाठ शेकायला. तिथे आणि पबच्या व्हरांड्यात मी ज्या कविता ऐकल्या त्या बहुतेक बुश बॅलड पद्धतीच्या, चार चार ओळींची कडवी, यमक पक्कं, ताल घोड्याच्या टापांसारखा, आणि सगळं तोंडपाठ, कागद बघून वाचणाऱ्याला हसतात. आपल्याकडचं भारूड डोळ्यापुढे आणा, म्हणजे करमणूक वरून आणि आत चिमटा. विषय काय? ट्रकचा गिअरबॉक्स. कुत्रा शाफ्टमधे पडला त्याची गोष्ट. पार्टनर पार्सल घेऊन सिडनीला गेला तो गेलाच. रात्री येऊन दुसऱ्याच्या क्लेममधला माल उपसून नेणारे चोर, 'रॅटर', त्यांना दिलेल्या कडवीच्या कडवी शिव्या. मी अकरा वर्षांत ऐकलेल्या त्या कवितांमधे रंगाचं वर्णन दोन-तीनदा आलं असेल, तेही एका शब्दात, "रेड" एवढंच, आणि पबमधे सगळे गप्प. कारण तिथे बसलेल्या प्रत्येकाला रेड म्हणजे काय ते माहीत होतं.

आमच्या क्लेमवर पण रॅटर येऊन गेले एकदा. तिसऱ्या वर्षी. आम्ही दुपारी ओपलची एक चांगली लाइन उघडली होती, संध्याकाळी गुपचूप बसायचं सोडून मी बोअर बाथला जाऊन चार माणसांत खुशीत दिसलो, तेवढं पुरलं. सकाळी उतरलो तर भिंत खरवडून साफ, सिगारेटचं एक थोटूक. संडे मला एक शब्द बोलला नाही. त्यानं पुढच्या शनिवारी चारचौघांत एक कडवं म्हणून दाखवलं, त्याचा मथितार्थ असा, की माझ्या पार्टनरचा चेहरा इतका प्रामाणिक आहे की त्यावर क्लेमचा नंबर सुद्धा वाचता येतो. लोक हसून हसून लोळले. मी पण हसलो, काय करणार. पण ते कडवं मला वीस वर्षांनी सुद्धा आठवतंय आणि चोरीला गेलेला माल कसा होता हे आठवत नाही.

तर माणसं कविता का करतात? माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. हे काम नव्वद टक्के धुण्याचं आणि वाट बघण्याचं आहे. माती वर काढून ट्रकमधे भरायची, साठवायची, मग 'ॲजिटेटर'वर न्यायची, म्हणजे काँक्रीट मिक्सरचा जुना ट्रक, त्यात पाणी घालून दिवसेंदिवस माती घुसळायची, चिखल वाहून जातो आणि खाली ट्रकभर मातीचे दोन-चार बादल्या खडे राहतात. ते हातानं निवडायचे, तांदूळ निवडल्यासारखे, एकेक नॉबीला चिमट्यानं कपची मारून आत बघायचं. पॉच, पॉच, पॉच. महिन्यांची मजुरी एका दुपारी निकालात. आणि याचा पगार नाही, हजेरी नाही, साहेब नाही. मग दिवस गेला याला साक्ष काय? माझ्या ओळखीत डायरी लिहिणारे कमी, पण कडवी जुळवणारे पुष्कळ, कारण कडवं डोक्यात ठेवता येतं, हात मोकळे राहतात. जात्यावरच्या ओव्यांचं पण तेच नाही का, हात गुंतलेले आणि तोंड मोकळं.

शिवाय तिथले शब्दच निम्मे कविता आहेत. एका टेकडीचं नाव लुनॅटिक हिल, वेड्याची टेकडी. ओपलच्या नक्षीची नावं बघा, पिनफायर म्हणजे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, रिबन, स्ट्रॉ, पीकॉक, आणि एक आहे 'चायनीज रायटिंग', खड्यात आडव्याउभ्या रेघा अशा पडतात की कुणीतरी काहीतरी लिहिलंय पण आपल्याला वाचता येत नाही. त्या नक्षीचा एक लहान खडा मी स्वतः घासून काढला होता. व्यापाऱ्यानं भिंग लावून बघितलं, पाच मिनिटं काही बोलला नाही, मग भाव पाडून मागितला. द्यावा लागला, डिझेलचं बिल होतं.

आणि दहा कोटी वर्षांपूर्वीचे प्राणी. तिथे तेव्हा नद्या आणि पूरमैदानं होती, त्यातले शिंपले, दात, हाडं ओपल होऊन बसलीत. १९८५ साली अभ्यासकांनी रिजच्या एका जबड्याच्या तुकड्याचं वर्णन छापलं, तीन दाढा असलेला, प्लॅटिपसच्या कुळातला, अख्खा तुकडा ओपल. आम्हाला शिंपल्याचा अर्धा सापडला होता, पॉच, दमडीची किंमत नाही. संडेनं तो खिडकीत ठेवला. म्हणाला हा बाकीच्यांपेक्षा शहाणा, रंग नाही घेतला म्हणून कुणी कापला नाही.

आता ज्या कवितेमुळे मला लोक हे प्रश्न विचारतात ती कशी झाली ते. दुसऱ्या हिवाळ्यातली गोष्ट. लेव्हल जवळ आली होती, संडे वर हॉइस्ट बघत होता, त्यानं बजावलं होतं की हातानं काम कर, आणि मी घाईघाईत जॅकहॅमर चालू ठेवला. आवाजात आवाज ऐकू येणार कसा. दिव्याच्या उजेडात भिंतीत नखाएवढा हिरवा-लाल चकाकला तेव्हा कळलं की मी नॉबीच्या बरोबर मधून गेलोय. अर्धी भिंतीत होती. दुसरी अर्धी मातीबरोबर बादलीत, बादली वर, वर ट्रकमधे, ट्रकमधे आधीच्या सात-आठ दिवसांची माती. तीन दिवस मी त्या ढिगात हात घालून बसलो. ओली असताना प्रत्येक कपची ओपल वाटते हे तेव्हा शिकलो. नाही सापडली. चार महिन्यांनी ती माती धुतली तेव्हा बादलीच्या तळाला मिळाली, कडा झिजून, ॲजिटेटरमधे आपटून आपटून. भिंतीतल्या अर्धीला लावून बघितली तर मधे तांदळाच्या दाण्याएवढी फट, तेवढा भाग जॅकहॅमरनं भुगा केला होता. मोठी अर्धी विकली, झिजलेली माझ्याकडे राहिली.

त्यावर मी दोन वर्षं लिहायचा प्रयत्न केला आणि प्रत्येक वेळी ते तुटलेल्या नात्याबित्यावर घसरायचं, फार स्वस्त. मग एक दिवस एक शब्द सापडला, आणि तो इंग्रजीतून सापडला नसताच. गार. आपल्याकडे गारगोटीचा दगड तो गार, आभाळातून पडते ती गार, आणि हाताला लागतं ते पण गार. आणि ओपलमधे खरोखर पाणी असतं, वजनाच्या पाच-सहा टक्के, कुठे दहापर्यंत, दगडात कोंडलेलं. गंमत म्हणजे ओपल हा शब्द पण संस्कृतातल्या 'उपल'वरून ग्रीक-लॅटिनमार्गे गेला असावा असं भाषेचे अभ्यासक म्हणतात, उपल म्हणजे दगड, आणि उपल म्हणजे गारसुद्धा. तर कविता एवढीच आहे:

नानांच्या विहिरीला पाणी लागलं तेव्हा
नानांनी टोपी काढून हात जोडले.
मला इथं गार लागली, आत पाण्यासकट,
माझे दोन्ही हात
जॅकहॅमरवर.

यात रंग कुठेच नाही हे बघा. आधी सतरा ओळी होत्या, रंग होता, मेणबत्ती होती, दहा कोटी वर्षं पण होती. एकेक काढत गेलो, पॉच काढतात तसं. तुम्हाला सल्ला हवा असेल तर माझा इतकाच, तुम्ही खाणीत गेला नसाल तर खाणीवर लिहू नका, तुमच्या हातात आलेल्या ओपलवर लिहा, तो कुठून आला, कुणी विकला, घरी कोण काय म्हणालं. आपल्याकडे ओपल येतो तो बहुतेक शुक्राचा खडा म्हणूनच ना, हिरा परवडत नाही म्हणून. त्यातच अख्खी कविता आहे, कुणाला दिसत कशी नाही. आणि जाता जाता कामाचं सांगतो, कारण हे मला महिन्यातून दोनदा विचारतात. हल्ली बाजारात मिळतो तो बराचसा इथिओपियाचा, वोलो भागातला, २००८ पासून येतोय, जयपूरला घासला जातो. तो पाणी पितो. धारण करायच्या आधी कच्च्या दुधात रात्रभर ठेवा असं गुरुजी सांगतात, तसं केलंत तर खडा दूध पिणार, रंग जाणार, आणि मग फसवलं म्हणून सराफाशी भांडण. नुसत्या पाण्यात भिजला तर वाळल्यावर बहुतेक वेळा रंग परत येतो. दुधातुपाचं काही खरं नाही. गुरुजींना सांगा, दूध लांबून दाखवा.

नाना शेवटपर्यंत ऑस्ट्रेलियाला आले नाहीत. मी परत आलो तेव्हा ती झिजलेली अर्धी त्यांच्या तळहातावर ठेवली. मोतीबिंदू झालेला, रंग त्यांना नीट दिसला असेल असं वाटत नाही. त्यांनी अंगठ्यानं चोळून बघितली, मग गालाला लावली.

"गार लागतीये," म्हणाले. "पाणी हाय का ह्यात?"

मी म्हटलं, आहे, शंभरात पाच-सहा भाग.

"मग एवढं खोल जायला पाहिजेच होतं," म्हणाले, आणि खडा परत देऊन चहा मागितला.